दाराच्या आतलं नाव

१९६२ च्या मार्चमधल्या एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, पौडच्या फौजदारांनी पिरंगुटमधल्या एका घरातून छातीइतक्या उंचीचं सागवानी कपाट जप्त केलं. घर गावच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचं होतं. तक्रारदार पुण्याचा. त्याचं म्हणणं असं की, आदल्या वर्षीच्या जुलैत पानशेतचं धरण फुटून शहरात पाणी शिरलं, त्यात हे कपाट त्याच्या नदीकाठच्या घरातून गेलं. पुढे ते कुणीतरी चोरून विकलं आणि मुख्याध्यापकांनी जाणूनबुजून घेतलं. मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला तेव्हा साडेतीन महिने उरले होते. खटला उभा राहिला तर ते निलंबित होणार, हे त्याच दिवशी सगळ्या गावाला कळलं.

मी त्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. पुराच्या पुढच्याच महिन्यात राहायला आलो होतो. पुण्याच्या एका दैनिकाला मुळशीच्या बातम्या पाठवणं हे माझं काम. इथे लिहिलेलं बरंचसं मी पाहिलेलं आहे. ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच सांगतो.

गाव त्यांना गुरुजी म्हणे. उंच, सडपातळ, कायम बंद गळ्याचा कोट, कोटाच्या उजव्या खिशात खडू. दर रविवारी पहिल्या एसटीने ते पुण्याला जुन्या बाजारात जात आणि दुपारच्या गाडीने परत येत. बहुतेक वेळा गाडीच्या टपावर काहीतरी बांधलेलं असे. पाय मोडलेलं टेबल, तळ गेलेली वेताची खुर्ची, आरसा नसलेली आरशाची चौकट. एक कंडक्टर त्यांना दर खेपेला विचारी, “गुर्जी, आज देव्हारा का तिरडी?” गुरुजी म्हणत, “आधी उतरव. मग ओळख.” दोघांपैकी कुणीही कधी हसताना मी पाहिलं नाही.

घरात बारा खुर्च्या होत्या आणि एकीसारखी दुसरी नव्हती. एक न्हाव्याच्या दुकानातली, मान टेकायच्या उशीसकट. एक कुठल्याशा स्टेशनच्या वेटिंगरूममधली, लांब हातांची. माजघरात बंद पडलेल्या नाटक कंपनीचं सिंहासन होतं. त्याचा सोनेरी रंग खरवडल्यावर खाली साधं आंब्याचं लाकूड निघालं होतं. त्यावर तांदळाचा डबा असे. स्वयंपाकघराच्या खिडकीला तिकीटघराची पितळी जाळी बसवलेली होती, आणि तिच्या खालच्या अर्धगोल फटीतून काकी बाहेरच्या माणसाला ताकाचा पेला देत. काकी म्हणजे गुरुजींच्या पत्नी. इराण्याच्या हॉटेलातलं संगमरवरी टेबल देवघर झालं होतं. दाराला विजेची घंटा होती. घरात वीज नव्हती. ती का लावली, असं मी विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले की, दाराला भोक आधीचंच होतं, ते झाकायला काहीतरी हवं होतं.

जुन्या बाजारात ते भाव करत नसत. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. खुर्ची पसंत पडली की ते तीत बसत, खिशातून वर्तमानपत्र काढत आणि पाव तास वाचत. विक्रेता सुरुवातीला दटावी, मग गिऱ्हाईक म्हणून विनवी, शेवटी कंटाळून विचारी, “मास्तर, घेणार का निजणार?” पाव तासानंतर ते उठत, खुर्चीचा आवाज ऐकत आणि एक आकडा सांगून पाठ फिरवून उभे राहत. आकडा पटला तर विक्रेत्याने हाक मारायची. त्या दिवशी त्याने मारली नाही. गुरुजी दहा मिनिटं तसेच उभे राहिले आणि पुढच्या ढिगाकडे गेले.

रंधा ते फारसा वापरत नसत. त्याने लाकूड कमी होतं, असं त्यांचं मत. जुना रंग सोड्याच्या पाण्याने फुगवायचा, काचेच्या तुकड्याने खरवडायचा, मग पॉलिशपेपर, मग जवसाचं तेल आणि मेण. दारूबंदीमुळे स्पिरिटला परवाना लागे, आणि परवान्यासाठी अर्ज करणं त्यांना कमीपणाचं वाटे. मेण डोंगरातले कातकरी आणून देत. खरवडायचं काम गुरुजींचं. तेल जिरवायचं आणि मेण घासायचं काम काकींचं. त्यासाठी तळहाताचा मनगटाजवळचा भाग तासतासभर एकाच जागी फिरवावा लागतो. काकींचा हात आपल्यापेक्षा चांगला आहे, हे गुरुजी चारचौघांत सांगत. घरात मात्र त्या दोघांचं बोलणं कामापुरतं असे.

दुरुस्त केलेली खुर्ची महिनाभर “तयार नाही” असे. त्या महिन्यात तिच्यावर फक्त गुरुजींनी बसायचं. पाहुणा चुकून बसला तर ते त्याला हाताला धरून उठवत. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना त्यांनी असंच उठवून घोंगडीवर बसवल्याची हकीकत गावात दोन प्रकारे सांगितली जाई. एका प्रकारात साहेब रागावून गेले. दुसऱ्यात त्यांनी घोंगडीवर बसून तीन वेळा चहा घेतला. पौडचे फौजदारही एकदा त्या घरी उठवले गेले होते. ते मी पाहिलेलं आहे. फौजदार उठले, म्हणाले, “जामिनावर तरी बसू द्या,” आणि उंबऱ्यावर बसले.

आणखी एक नियम होता, तो मुळशीभर माहीत होता. गुरुजी लाकडावरचं नाव खरवडत नसत.

जुन्या सामानावर नावं असतात. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, तशी काही घरांत लाकडावरही कोरून घेत. जुन्या बाजारात माल आला की विक्रेते पहिल्यांदा नाव काढून टाकतात. गुरुजी ज्यावर नाव राहून गेलं आहे तोच नग शोधत. घरी आणल्यावर सगळा पृष्ठभाग खरवडून निघे. नावाभोवती चार बोटं जागा मात्र जुन्या रंगासकट तशीच राही. त्यामुळे चांगल्या घासलेल्या टेबलावर मध्येच एक काळपट ठिगळ दिसे. ते नाव ते मोठ्याने वाचत नसत, कुणाला सांगतही नसत. नगाच्या खाली पेन्सिलीने फक्त कधी, कुठून आणि काय मोडलेलं, एवढंच लिहीत.

कारण मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “पोर शाळा सोडून गेलं तरी दाखला न्यायला कुणी येईपर्यंत मी हजेरीपटावरून नाव कमी करत नाही. ह्यांचा दाखला न्यायला अजून कुणी आलेलं नाही.”

पुरानंतर तीन महिने ते जुन्या बाजारात गेले नाहीत. त्या दिवसांत तिथे पुराचा माल ढिगाने येत होता, आणि अगदी स्वस्त. ज्यांचं आहे ते अजून शोधत असतील, एवढंच ते म्हणाले. दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा जायला सुरुवात केली. ही गोष्ट पुढे त्यांच्या बाजूने जाईल असं वाटलं होतं. ती गेली नाही, कारण कपाट दिवाळीनंतरही आलेलं असू शकत होतं.

काकींना वाचता येत नव्हतं. गुरुजींनी तीस वर्षांत तीन गावांतल्या मुलांना आणि रात्रीच्या वर्गात त्यांच्या बापांना लिहायला शिकवलं होतं. काकींचं का राहिलं, हे मी विचारलं नाही. बारा खुर्च्या असलेल्या त्या घरात काकी जमिनीवर बसत. नावांबद्दल त्यांचं मत होतं आणि ते त्या गुरुजींच्या माघारी सांगत. “घर हाय का धर्मशाळा? रातच्याला पानी प्यायला उठलं तर वाटतंय, कुनी तरी विचारंल, बाई तू कुनाची?”

जप्त झालेलं कपाट मी राहायला आलो तेव्हा गोठ्यात असावं. गोठ्यात पोत्यांखाली तीन कपाटं होती. गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे हे त्यांनी पुराच्या आदल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर आणलं होतं. जुन्या घडणीचं होतं. दारांना बिजागऱ्या नव्हत्या. वर आणि खाली लोखंडी खिळी होत्या आणि त्या चौकटीच्या भोकांत फिरत. दार जरा उचललं की निघून हातात येई. जानेवारीत त्यांच्या मुलीचं लग्न घोटावड्याच्या एका घरात ठरलं, तेव्हा गुरुजींनी ते कपाट पडवीत आणलं आणि हे लेकीचं म्हणून सांगितलं. तिथे उघड्या दाराच्या आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं मी पाहिली होती. मी दारावर ओला टॉवेल टाकत होतो. अक्षरं वाचली नाहीत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कपाट पुरं झालं आणि वारा लागावा म्हणून रस्त्याकडच्या ओट्यावर ठेवलं.

तक्रारदार पन्नाशीचा, धोतर, काळी टोपी. पुरात त्याचं घर बसलं होतं. नव्या घराच्या तुळयांसाठी लाकूड बघायला तो आमच्या भागात आला होता आणि परतीच्या एसटीची वाट बघत ओट्यासमोर उभा होता. तो बराच वेळ उभा राहिला. एक गाडी त्याने सोडली. मग ओट्याशी आला, कपाटाच्या कडीला हात लावला, काकींनी आतून कोण आहे म्हणून विचारलं तेव्हा काही न बोलता गेला आणि उलट्या दिशेची, पौडची गाडी पकडली. तो खोटं बोलत होता असं मला तेव्हा वाटलं नाही, नंतरही नाही. त्या वर्षी पुण्यातली बरीच माणसं दुसऱ्यांच्या उघड्या दारांतून आपलं सामान शोधत होती.

तक्रारीत त्याने लिहून दिलं होतं की, डाव्या दाराच्या आत त्याच्या आजोबांचं नाव कोरलेलं आहे: बळवंत.

बुधवारी फौजदार, दोन शिपाई आणि तक्रारदार आले तेव्हा गुरुजी शाळेत होते. त्यांना बोलावून आणलं. ओट्याभोवती पंधरावीस माणसं जमली होती. काकी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. फौजदारांनी डावं दार उघडलं. आतल्या बाजूला, मधोमध, वीतभर लांबीचा एक पट्टा बाकीच्या लाकडापेक्षा फिकट होता. खरवडून गुळगुळीत केलेला, वर तेल दिलेलं. तेल अजून पुरतं मुरलं नव्हतं.

“इथंच होतं,” तक्रारदार म्हणाला. “खरवडलंय.”

गुरुजींनी त्या पट्ट्याकडे पाहिलं. तो त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, हे मला त्यांच्या शेजारी उभा असल्यामुळे कळलं. त्यांनी बोट पट्ट्यावरून फिरवलं, वास घेतला आणि एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

फौजदारांनी विचारलं, “कुणी खरवडलं?”

“मी.”

“काय नाव होतं?”

“यमुना.”

“मग ते काढलं कशाला?”

“लेकीला द्यायचंय.”

फौजदार आवाज खाली आणून म्हणाले, “गुरुजी, तुम्ही कुणाचं नाव खरवडत नाही हे अख्ख्या मुळशीला माहीत आहे. घरात बारा खुर्च्या, त्यांवर नावं तशीच. आणि नेमकं ह्याच कपाटाचं काढलंत?”

गुरुजींनी कपाटाच्या तळाकडे बोट केलं. तिथे पेन्सिलीची ओळ होती: जुना बाजार, आश्विन, साल, डाव्या दाराची खीळ वाकलेली. फौजदारांनी ती उतरवून घेतली. तक्रारदार म्हणाला की, पेन्सिलीने कुणीही कधीही काहीही लिहील. कपाट बैलगाडीतून पौडला गेलं.

त्या दिवसापासून सोमवारपर्यंत पाच दिवस होते. मंगळवारी कागद पुण्याला कोर्टात पाठवणार, असं फौजदारांनी सांगितलं होतं. तोवर गुरुजींना दोनपैकी एक गोष्ट दाखवायची होती: कपाट पुराच्या आधी घरात आलं, किंवा दारावर बळवंत हे नाव नव्हतं.

पहिली जमली नाही. कंडक्टरने शिपायाला सांगितलं, “दर ऐतवारी टपावर काय ना काय असतंय. कवा देव्हारा, कवा कपाट. ह्येच का त्येच, कसं सांगू?” शेजाऱ्यांचं म्हणणंही तेच. जुन्या बाजारातला विक्रेता गुरुजींना ओळखत होता, कपाट त्याला आठवलं नाही. तिथे पावती कुणी देत नाही.

दुसरीसाठी साक्षीदार मी होतो. गुरुवारी माझा जबाब झाला. दारावर नाव होतं का? होतं. काय होतं? वाचलं नाही. बळवंत असू शकेल? सांगता येत नाही. यमुना असू शकेल? सांगता येत नाही. गोठ्यातल्या तीन कपाटांपैकी हे एक होतं का? सांगता येत नाही. गुरुजींना खरवडताना पाहिलं? नाही. फौजदारांनी विचारलं, अक्षरं किती होती, निदान तीन का चार? मी म्हणालो, मोजली नाहीत. जबाब वाचून मी सही केली. संध्याकाळी गुरुजींनी मला काय सांगितलंस असं विचारलं आणि मी सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर आहे. पाहिलं तेवढंच सांगावं.”

शुक्रवारी घोटावड्याहून नवऱ्या मुलाचे चुलते आले. ते ओट्यावरच थांबले. साखरपुडा पुढच्या आठवड्यात होता. आधी कपाटाचं काय ते कळू द्या, मग बघू, एवढं बोलून आणि पाणी पिऊन ते गेले. मुलगी त्या वेळी आत मेणाचे डबे धूत होती. शनिवारी शिक्षण खात्याकडून गुरुजींना तोंडी निरोप आला: दोषारोप ठेवला गेला तर त्या दिवसापासून शाळेत येऊ नये.

गुरुजी शाळेत जात राहिले. रविवारी ते पुण्याला गेले नाहीत. माझ्या राहण्यात, प्रकृती ठीक असताना, असं पुराच्या तीन महिन्यांनंतर प्रथमच झालं. दिवसभर ते न्हाव्याच्या खुर्चीत बसून होते. काकींनी जेवायला हाक मारली तेव्हा उठले, जेवले आणि पुन्हा येऊन बसले. त्या पट्ट्याबद्दल दोघांत एक शब्द झाला नाही. भिंत पातळ होती. झाला असता तर मला ऐकू आला असता.

सोमवारी सकाळी काकींनी मला पौडच्या एसटीची वेळ विचारली. मी सांगितली. त्यांनी लुगडं बदललं आणि बाहेर पडल्या. मी त्यांच्याबरोबर गेलो.

गुरुजींना त्या दिवशी अखेरच्या जबाबासाठी बोलावलेलं होतं. ते आधीच्या गाडीने पोचले होते. तक्रारदारही होता. खोलीत टेबलामागे फौजदार, भिंतीशी बाक, कोपऱ्यात कपाट. काकी दारात उभ्या राहिल्या. फौजदारांनी, तुम्हाला बोलावलेलं नाही, असं सांगितलं.

“त्यांनी न्हाई खरवडलं,” काकी म्हणाल्या. “म्या खरवडलं.”

गुरुजी म्हणाले, “तू घरी जा.”

काकींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. फौजदारांनी कारण विचारलं.

“लेकीला द्यायचं हुतं. कुनाचं नाव त्ये, जितं हाय का मेलं, काय म्हाईत. त्येच्या नावाखाली माजी लेक संसार करनार व्हय? म्या म्हनलं, बाकीची ऱ्हाऊ द्यात माज्या घरात. ह्ये एक नगं.”

“नाव काय होतं, बाई?”

“मला वाचाया येत न्हाई.”

तक्रारदाराने मान हलवली. फौजदारांनी लेखणी खाली ठेवली. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर एक शिपाई सायकलच्या चाकात हवा भरत होता.

“वाचाया येत न्हाई म्हनलं,” काकी म्हणाल्या. “दिसाया कसं हुतं त्ये म्हाईत हाय. तीन दुपारी खरवडत हुते. खडू हाय का?”

फौजदारांनी टेबलावर पाहिलं. खडू नव्हता. गुरुजींनी कोटाच्या खिशातून खडू काढला. तो काकींच्या हातात न देता त्यांनी त्यांच्या पायांजवळ शहाबादी फरशीवर ठेवला.

काकी टेबलाकडे तोंड करून खाली बसल्या. रांगोळीला बसतात तशा. त्यांनी डावीकडून सुरुवात केली. आधी एक उभी रेघ. तिच्याशेजारी दुसरी, तिला चिकटून एक गाठ. मग थोडी जागा सोडून एक मोठी आकृती, आणि तिच्या वरच्या टोकाला एक वळसा. “मधल्याला शेपूट हुतं,” त्या म्हणाल्या, “वरच्या अंगाला. त्ये खोल हुतं. त्यालाच लई येळ लागला.” मग उजवीकडे तिसरी आकृती. शेवटी त्यांनी तिन्हींच्या खालून एक आडवी रेघ ओढली.

तक्रारदार त्यांच्या मागे येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, “ही अक्षरंच नाहीत.” दारातला शिपाई वाकून बघून हसला. मीही त्याच बाजूला होतो. मलाही ती अक्षरं वाटली नाहीत.

फौजदार खुर्चीतून उठले नाहीत. टेबलावरून पुढे झुकून त्यांनी फरशीकडे पाहिलं आणि वाचलं, “यमुना.”

त्यांच्या बाजूने ते सुलटं होतं.

तक्रारदार म्हणाला की, यात नवल काय? मास्तरांनी हे नाव बुधवारीच सांगितलं आहे. घरात मास्तर आहेत, पाच दिवस मिळाले, शिकवलं असेल.

फौजदारांनी काकींना विचारलं की, खरवडताना दार कसं धरलं होतं. काकी म्हणाल्या, दार काढून मांडीवर घेतलं होतं; पण खालची खीळ वाकडी आहे, ती पोटाला टोचत होती, म्हणून दार फिरवून घेतलं. फौजदारांनी शिपायाला डावं दार काढायला सांगितलं. दार उचललं तसं निघालं. वरची खीळ बोटाच्या पेराएवढी, सरळ. खालची चार बोटं लांब आणि एका बाजूला वाकलेली. काकींनी फरशीवर बसूनच दार मांडीवर घेऊन दाखवलं. दाराचं डोकं त्यांच्या पोटाशी आलं, आणि फिकट पट्टा गुडघ्यांच्या जरा अलीकडे.

फौजदार तक्रारदाराला म्हणाले, “तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस शिकवील तर सुलटं शिकवील. उलटं कशाला शिकवील?”

मग ते काकींना म्हणाले, “बाई, तुमचं स्वतःचं नाव काढून दाखवा.”

“त्ये कुटं येतंय मला,” काकी म्हणाल्या.

गुरुजी बाकावर बसले होते. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते फरशीकडे बघत होते.

तक्रारदार टेबलाला वळसा घालून फौजदारांच्या बाजूला गेला आणि तिथून अक्षरं वाचली. दोनदा वाचली असावीत. मग कपाटाजवळ जाऊन त्याने कडी हातात घेतली, सोडली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “कडी अशीच होती. मग आमचं कुठं असेल?” प्रश्न कुणाला उद्देशून होता ते कळलं नाही. काकी उठता उठता त्याला म्हणाल्या, “घावंल. लाकूड बुडत न्हाई.”

हे कपाट आपलं नाही, असं तक्रारदाराने दुपारी लिहून दिलं. काकींचा जबाब लिहून झाला, वाचून दाखवला आणि त्याखाली त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. गुरुजींच्या बुधवारच्या जबाबावर फौजदारांनी काय शेरा मारला ते मला वाचायला मिळालं नाही. बाहेर पडताना गुरुजी फरशीवरच्या अक्षरांना वळसा घालून गेले. परतीच्या गाडीत ते पुढे बसले, काकी मागे.

बातमी मी त्याच दिवशी पाठवली. ती चार ओळींची होती आणि छापून आली नाही.

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला, लग्न मे महिन्यात. कपाट सोडायचा हुकूम पुण्याहून यायला उशीर लागला. ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुटलं आणि पौडहून परस्पर घोटावड्याला गेलं. मधल्या काळात तक्रारदार दोन रविवार गुरुजींबरोबर जुन्या बाजारात होता, असं कंडक्टरने सांगितलं. त्याचं कपाट मिळालं का, हे कंडक्टरला माहीत नव्हतं.

३० जूनला गुरुजी सेवानिवृत्त झाले. त्यांच्या सेवापुस्तकात या प्रकरणाची नोंद नाही.